हात न लावायचा दिवस

आमच्या गावात ग्रामदैवत नाथाच्या जत्रेच्या दिवशी कुणी रानात हात घालत नाही. औत धरायचं नाही, खुरपं उचलायचं नाही, दारं धरायची नाहीत. दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देणं. फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवायचं, दुसऱ्याचं उघडायचं. लग्न होऊन डिंगोऱ्याहून इकडं आंबेगावात आले, तेव्हा पहिल्याच जत्रेला मी परसातल्या मिरचीला तांब्याभर पाणी घालायला निघाले आणि सासूबाई अशा ओरडल्या की तांब्याच हातातून सुटला. "आज मातीला इसावा आसतो," म्हणाल्या. मला राग आला होता. मिरचीला काय कळतंय जत्रा आहे का आवस! पण मुकाट मागं फिरले. मी मुकाट मागं फिरले असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार नाहीत, म्हणून हा लक्षात राहिला.

हा दिवस राखायला गावानं कुणी माणूस नेमलेला नाही. दंड नाही, नोटीस नाही. तरी त्या दिवशी अख्ख्या शिवारात एक मोटार चालू होत नाही. आणि याच गावात पाणी वापर संस्था आहे. तिला अध्यक्ष आहे, सचिव आहे, शिक्का आहे, आणि ऑफिसच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, 'आधी टेल, मग हेड.' म्हणजे कालव्यातून आमच्या चारीला, म्हणजे रानांकडं येणाऱ्या पाटाला, पाणी सुटलं की आधी सगळ्यात शेवटच्या रानाला द्यायचं, ते भिजलं की एकेक रान वर सरकत यायचं, आणि तोंडाजवळच्यांनी शेवटी घ्यायचं. नियम चांगला आहे, सरकारनं विचार करूनच केला असणार. पण तो रंगवल्यापासून त्याच्याकडं कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. अध्यक्षांची खुर्ची त्याच भिंतीला टेकून असते, त्यामुळे त्यांच्या तर तो पाठीशीच.

अध्यक्ष म्हणजे माझे थोरले दीर. वाटण्या झाल्या तेव्हा त्यांना चारीच्या तोंडाजवळचं रान आलं आणि आम्हाला टेलचं. कुणी फसवलं नाही हो, देवळात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पण आमची चिठ्ठी उचलली आमच्या मालकांनी, आणि त्यांचा हात पहिल्यापासून असाच आहे. भाऊजींच्या रानात ऊस डोक्यावर जायचा, आमच्यात बाजरी यायची, तीही पावसाच्या मर्जीनं. आमच्या खाली अजून एकच रान, आक्काचं. आक्का म्हणजे बौद्ध वस्तीतली माझी शेजारीण, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, तोंडानं माझ्याहून थोडी कमी. तिच्या बांधाला चारी संपते. वरून पाणी सुटलं की आम्ही दोघी चारीच्या काठावर बसून वाट बघायचो, आणि चारीत यायचे ते पाचोळा आणि खेकडे.

मी संस्थेच्या कमिटीत होते. बाईची जागा असावी असं कायद्यात आहे म्हणून भाऊजींनी घरातलीच बाई बघितली. "सही तेवढी करत जा, बाकी आमी बघतो," म्हणाले. मी सही करायचे आणि बोलायचेही. पाणी का येत नाही असं दर मीटिंगला विचारायचे. दर वेळी उत्तर ठरलेलं : टेलला चढ आहे, पाणी चढत नाही, लेव्हलच तशी आहे. पाटबंधारेचे साहेबही तेच सांगायचे, फक्त 'तांत्रिकदृष्ट्या' हा शब्द आधी लावून. मला मशीन लावून लेव्हल बघता येत नाही, त्यामुळे मी गप्प व्हायचे. पण मनात म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं.

असंच चाललं असतं तर मी आयुष्यभर बाजरी काढली असती. पण त्या वर्षी जत्रेच्या आधी कमिटीपुढं एक ठराव आला. टेलला पाणी पोहोचतच नाही, तर ती रानं लाभक्षेत्रातून वगळावीत. कालव्याच्या पाण्यावर कोणत्या जमिनीचा हक्क आहे, हे सरकारदरबारी ठरलेलं असतं. त्याला म्हणतात लाभक्षेत्र. त्यातून एकदा नाव गेलं की गेलं. मग पाणी मागायलाही तोंड उरत नाही. आमच्या वाट्याचं पाणी अर्थातच वरच्यांच्या उसाला राहणार होतं. ठरावावर मत घ्यायला जत्रेनंतरच्या सोमवारी सभा लागली.

मी घरी येऊन आदळआपट केली. आमचे मालक चाकणच्या कंपनीत आहेत, शिफ्टमध्ये जातात. ते शांतपणे जेवत होते. म्हणाले, "बरंच झालं की. एकदाचा निकाल लागंल. प्लॉटिंगवाला कवाचा मागं लागलाय. रान देऊन टाकू, चाकणला फ्लॅट घिऊ. तुझी बी कटकट मिटंल."

"फ्लॅटात कांदा लावता येतो का?" मी विचारलं.

"इकत घ्यायचा कांदा."

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेली मी, आणि कांदा विकत घ्यायचा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानंच. मला ते रान हवं होतं. त्या रानात मला एकदा तरी हिरवंगार पीक बघायचं होतं, आणि ते कुणाच्या उपकारानं नाही, हक्कानं. सभेत काय बोलायचं ते मात्र सुचत नव्हतं. लेव्हलपुढं माझं काय चालणार?

जत्रेचा दिवस उजाडला. आमच्या भागात जत्रा म्हणजे बैलगाडा. गावाच्या खालच्या अंगाला टेकडी आहे, तिच्यावर घाट बांधलाय. घाट म्हणजे चढाची सरळ लांब पट्टी. खाली पायथ्याला बैल जुंपतात, तिथून सोडले की ते गाडा घेऊन चढावर पळत सुटतात आणि वर निशाणापाशी घड्याळ थांबतं. घाटाला गावानं ही जागा का दिली, तर तिथं काही पिकत नाही म्हणून. घाटाचा पायथा आणि आक्काचा बांध यांच्यात एक वाट तेवढी आहे. जिथं पाणी म्हणून येत नाही, अशी गावातली खात्रीची कोरडी जागा ती.

माणसं तर अशी लोटली होती की टेकडी दिसत नव्हती. मांडवात पाहुणे, फेटे, गुलाल. पाटबंधारेच्या साहेबांनाही फेटा बांधून पुढं बसवलं होतं. भाऊजी जत्रा कमिटीतही आहेत, त्यामुळे त्यांचा पाय जमिनीवर नव्हता. आम्ही बायका वरच्या माळावर छत्र्या घेऊन बसलो होतो. गाडा सुटला की स्पीकरवरून निवेदक 'भिर्रर्र' करून असा काही ओरडायचा की अंगावर काटा यायचा. मला बैलगाडा लई आवडतो, कुणी काहीही म्हणो.

आता गंमत बघा. त्या वर्षी उन्हाळ्याचं आवर्तन, म्हणजे कालव्याचं ठरलेलं पाणी, नेमकं जत्रेच्या दिवशी सुटलं. पाटकऱ्यानं, म्हणजे कालव्याची गेटं बघणाऱ्या माणसानं, आमच्या चारीचं मोठं गेट सकाळीच उघडलं. रोजच्यासारखं काम त्यानं केलं आणि तोही घाटात आला. आणि गावानंही आपलं रोजच्यासारखंच केलं; जत्रेच्या दिवशी दारं धरायची नाहीत, म्हणून आदल्या सांजेला ज्यानं त्यानं चारीवरचं आपापल्या रानाचं दार गच्च बंद करून ठेवलेलं. भाऊजी तर स्वतः चारीच्या कडेनं फिरून बघून आले होते. एका वर्षी कुणाची तरी मोटार चालू राहिली होती, तर यांनी त्याला देवळासमोर उभा करून झापला होता. एवढे कडक. पण सगळ्यांनी दारं बंद केल्यावर वरचं गेट बंद करायला हवं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पाणी सुटलंय, दारं बंद आहेत, आणि गाव घाटात आहे.

दुपार कलली असेल. निवेदक मध्येच थांबला आणि म्हणाला, "घाटाच्या खाली पाणी कुणी सोडलं? टँकरवाले, आपला टँकर गळतोय, बाजूला घ्या राव!" टँकरवाला उठून उभा राहिला आणि दोन्ही हात हलवून माझा नाही म्हणाला. माणसं हसली. पुढचा गाडा जुंपत होते, त्यातला एक बैल पाय झाडायला लागला. बघता बघता जुंपायच्या जागेत चिखल झाला. निवेदक पुन्हा ओरडला, "आरं पाणी कुठनं येतंय?"

तेवढ्यात खालच्या वाटेनं आक्का येताना दिसली. ती जत्रेला येत नसते. त्यांच्या घरात आमचा देव नाही, त्यामुळे आमचा विसावाही नाही; ती आपल्या रानात बाभळीखाली शेंगा फोडत बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलानं माखलेले, आणि ती माझ्याकडं बघून नाही, सगळ्या घाटाकडं बघून ओरडली, "चारी आली! आरं चारीला पाणी आलंय, माझं रान भरून वाट ओलांडली त्यानं!"

मी छत्री तिथंच टाकून खाली पळाले. चारी तुडुंब वाहत होती. ज्या चारीत मी पाचोळा बघितला होता, तिच्यात गुडघाभर पाणी, गढूळ, फेस आलेलं, घाई असल्यासारखं पळत होतं. माझ्या रानापाशी तर काठ फुटून बांधाखाली तळं साचलं होतं. मी त्यात उभी राहून हसत सुटले, रडतही होते बहुतेक. माझ्या मागोमाग निम्मा घाट खाली आला. गाडे थांबले. फेटा बांधलेले साहेब आले, भाऊजी आले. एका पावण्यानं विचारलं, "हितं पाणी येत न्हाई म्हणत व्हते ना?" पाटकऱ्याला पळत वर पाठवून गेट बंद करायला लावलं, जुंपायच्या जागेत मुरूम टाकला आणि शर्यती पुन्हा सुरू झाल्या.

सोमवारी सभा देवळाच्या मंडपात भरली. सभेचा विषय सगळ्यांना माहीत होता, आणि घाटातला चिखलही सगळ्यांनी बघितला होता. तरी भाऊजींनी ठराव वाचलाच. वाचून झाल्यावर घसा साफ केला आणि म्हणाले, "जत्रेदिवशी जे झालं ती देवाची करणी व्हती. एरवी चढ हाय त्यो हायच."

मी उठले. बाईच्या खुर्चीतून नाही, पुढं येऊन बोलले. "भाऊजी, चढ हाय तर जत्रेच्या दिवशी त्यो कुठं गेला व्हता? बैलगाडा बघाय?"

मंडपात हशा पिकला. साहेब खाली बघायला लागले.

"हसू नका," मी म्हणाले. "भाऊजी म्हणतात ते खरं हाय, देवाची करणीच हाय. पर देवानं केलं काय? त्यानं काय फावडं घिऊन लेव्हल केली न्हाई. त्यानं तुमचा हात धरला. तुमी कुणी दाराला हात लावला न्हाई, येवढंच झालं. येवढ्यानं पाणी टेलला आलं आन् घाटात शिरलं. चढ मातीला नव्हता कधी."

भाऊजींचा चेहरा लाल झाला. घरातलीच बाई, भर सभेत. ते म्हणाले, "मग तुजं म्हणणं काय हाय?"

"पाणी सुटलं की पयले दोन दिस टेलचे. ते दिस जत्रेचे समजा. दाराला हात लावायचा न्हाई. भितीवर तेच लिवलंय, पर भितीचं तुमी ऐकत न्हाई. नाथाचं ऐकता. मग नाथापुढं नारळ फोडा आन् त्याच्या नावानं पाळा."

कुणीतरी मागून म्हणालं, "आन् आक्कांचं काय? त्या तर आपला देव मानत न्हाईत."

आक्का खांबाला टेकून बसली होती. ती बसूनच म्हणाली, "मला देवाचं सांगू नका. कायद्यानं जे माझं हाय ते मी कायद्यानं घेनार. तुमी देवाच्या नावानं पाळा, मी कायद्याच्या नावानं पाळते. पाणी एकच हाय."

मी मघाशी म्हटलं तसे भाऊजी कडक आहेत, आणि कडक माणसाची एक अडचण असते : दुसऱ्याला देवळासमोर झापलेलं असतं. ज्या माणसानं एका मोटारीसाठी गडी उभा करून झापला होता, त्याला आता देवळातच बसून देवाच्या नावाला नाही म्हणता येईना. त्यांनी ठरावाचा कागद दुमडून खिशात घातला. मग गुरवाकडं बघून म्हणाले, "नारळ आना." बस, एवढंच. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

घरी मालक म्हणाले, "लई शानी हाईस. नारळ फोडून कुठं पाणी येतंय व्हय? उद्या समदे इसरतील." खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती. सभेत हो म्हणणं वेगळं आणि ऊस वाळताना दाराशी हात न नेणं वेगळं.

पण मी माघार घेतली नाही. पावसाळ्यानंतर आमच्या विहिरीत दिवाळीपर्यंत थोडं पाणी असतं, त्यावर टेलच्या रानात कांद्याची लागण केली. त्या रानात कांदा! येणारेजाणारे थांबून बघायचे. पुढं विहिरीनं तळ गाठला, कांदा अजून पोसायचा होता, आणि पातीचे शेंडे पिवळे पडायला लागले. आता कालव्याचं पाणी आलं तर कांदा, नाही तर कांदाही गेला, रानही गेलं. मालकांनी प्लॉटिंगवाल्याचा फोन मला ऐकू जाईल असा घेतला. "महिन्याभरात सांगतो," म्हणाले.

हिवाळ्याचं आवर्तन सुटलं. सकाळपासून मी चारीवर होते. ऊन डोक्यावर आलं तरी पाणी नाही. आक्का खाली आपल्या दारापाशी फावडं घेऊन उभी. नियमानं पहिली पाळी तिची, तिच्यानंतर माझी. अजून तासभर वाट बघितली आणि माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि चारीच्या कडेकडेनं वर निघाले. ज्याच्या दारातून पाणी आत जाताना दिसेल, त्याच्या घरी जाऊन तमाशा करायचा असं ठरवूनच. एकेक दार बघत गेले. बंद. पुढचं बंद. त्याच्या पुढचंही. माझा राग कुठं टाकावा तेच कळेना.

अर्ध्या वाटेत पाणी भेटलं. चारी पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच भिजत होती, कोरडी माती पाणी पीत होती, त्यामुळे ते इतकं हळू येत होतं. पुढं पाचोळ्याचा थर ढकलत. म्हटलं, आलेच आहे तर तोंडापर्यंत बघून घेऊ.

भाऊजींच्या रानापाशी पोचले तर अध्यक्षसाहेब स्वतः आपल्या दारावर बसलेले. म्हणजे दाराच्या सिमेंटच्या कट्ट्यावर, पाय खाली सोडून. मागं त्यांचा ऊस माना टाकून उभा. पायाशी पाणी वाहत खाली चाललेलं.

"काय भाऊजी, राखण करताय व्हय?" मी टोमणा मारला.

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "राखण कसली. उभा ऱ्हायलो की हात दाराकडं जातो. बसलो की जात न्हाई."

मी मागं फिरले, आयुष्यात दुसऱ्यांदा मुकाट. येताना पाण्याच्या बरोबरीनं चालत आले. माणूस सावकाश चालला तर कोरड्या चारीतलं पाणी सोबत करतं.

माझ्या रानापाशी आलो दोघं, मी आणि पाणी. आणि काय सांगू, ते थांबणार थोडंच होतं! इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या दारासमोरून, माझ्या कांद्याच्या उशाजवळून, सरळ खाली आक्काकडं निघालं. पिवळे शेंडे मला दिसत होते. शेवटच्या रानाला आधी, हे भिंतीवरचं मीच मंडपात काढलं होतं. पण कांद्याला ते कसं कळावं? माझा हात दाराच्या फळीकडं गेला. थोडंसं उघडलं तर? आक्काला काय पत्ता लागणार होता? वाटेत मुरलं म्हणून सांगता आलं असतं. चढ आहे म्हणून सांगता आलं असतं.

मी फळीवरचा हात काढला आणि दारावर बसले.

खालून आक्काचा आवाज आला, "आलं गं, आलं!" फावड्याचा आवाजही आला. मी तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं मालक पहिली शिफ्ट संपवून तसेच रानात आले, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, पायात बूट. त्यांनी चारीतलं पाणी बघितलं, बघतच राहिले. मग कांद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आगं उघड की दार. कांदा करपतोय. कोण बघतंय?"

"म्हणून तर बसलेय," मी म्हणाले.

ते उभेच राहिले. शेंड्यांकडं बघत होते. मला माहीत होतं, त्यांचा हातही तिकडंच चाललाय. मग त्यांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बांधावर ठेवले आणि माझ्याजवळ आले.

"सरक जरा," म्हणाले.

मी सरकले. ते माझ्या शेजारी दारावर बसले, पाय पाण्यात सोडून. उन्हं उतरायला लागली तेव्हा ते म्हणाले, "आपली पाळी उद्या सकाळच्याला ना? सुट्टी टाकतो. दारं धराय एकलीला जमनार न्हाई."